कोरडेमामांची चार दिवसांची रजा

कोरडेमामांचं आडनाव कोरडे नाही. खरं आडनाव रुग्णालयाच्या हजेरीपटावर आहे, आणि बायकोच्या तोंडी येतं ते फक्त भांडणात. बाकी सगळ्यांना ते कोरडेमामा म्हणूनच ठाऊक. ड्रेसिंगच्या खोलीत एकतीस वर्षं बसून त्यांनी आल्यागेल्याला एकच उपदेश केला : "जखम कोरडी ठेवा, हवा लागू द्या आणि हात लावू नका." ऐकणाऱ्यांनी उपदेश तिथेच सोडला आणि नाव तेवढं घरी नेलं. एका पेशंटने तर मुलाच्या लग्नाची पत्रिका 'श्री. कोरडे व परिवार' अशी पाठवली. तेव्हा बायको म्हणाली, "अहो, माझं आडनाव एकदा लग्नात बदललं ते पुरे होतं. दुसऱ्यांदा बदलताना निदान विचारायचं तरी!"

त्यांची खोली तळमजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला, क्ष-किरणांच्या शेजारी. आत एक उंच खाट, एक फिरतं स्टूल, गॉजने भरलेला स्टीलचा डबा आणि धूसर काचेची एक खिडकी. खाटेच्या रेक्झिनला पडलेली भोकंसुद्धा मामांनी चिकटपट्टीनेच बुजवली होती. त्या खोलीत आलेल्या कुठल्याही भोकावर त्यांच्याकडे एकच इलाज होता.

मामांच्या हाताला मात्र तोड नव्हती. त्यांनी बांधलेली पट्टी घसरत नसे. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत ती अशी एकावर एक अर्धी चढत जाई, की पाहणाऱ्याला वाटावं, पाय असा विणूनच आलाय. दुसरी ख्याती त्यांच्या मोजण्याची. जखमेला चिकटलेला वाळका गॉज ओढून काढायच्या आधी ते पेशंटला सांगत, "डोळे मिटा. मी तीन म्हटलं की काढणार." मग म्हणत, "एक... दोन..." आणि दोनलाच ओढत. त्यासरशी जी किंकाळी उठे, ती ऐकून समोरचा औषधवाला दुखण्यावरची गोळी काढून ठेवी. गॉजबरोबर कालपासून धरलेली नवी कातडीही निघून येई, थोडं रक्त येई. मामा ते बघून समाधानाने म्हणत, "रक्त आलं ना? म्हणजे जखम जिवंत आहे." जखम जिवंत राहावी याची काळजी त्यांच्याइतकी कोणी घेतली नसेल.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे रेघ. ही त्यांची स्वतःची युक्ती. पट्टी बांधून झाली की चिकटपट्टीवर ते तारीख घालत आणि निळ्या पेनाने एक आडवी रेघ अशी ओढत, की अर्धी चिकटपट्टीवर आणि अर्धी पेशंटच्या कातडीवर. पेशंटने घरी पट्टी उचलून पाहिली आणि परत चिकटवली, की रेघेची दोन टोकं काही केल्या जुळत नसत. मग मामा चष्मा कपाळावर चढवून विचारत, "हा हात कोणाचा? तुमचा, की शेजाऱ्याचा?" भलेभले खाली मान घालत. एका निवृत्त न्यायाधीशांनीसुद्धा घातली होती.

अशा या खोलीत नव्या डॉक्टरीणबाई आल्या. वयाने मामांच्या मुलीएवढ्या, बोलायला गोड, आणि पायात आवाज न करणारे बूट. मामांना पहिली तक्रार त्या बुटांचीच होती. "डॉक्टर येतोय हे कळायला नको का? आधीच्या साहेबांचे बूट जिन्यावर वाजले की मी चहा संपवायचो. ही बाई एकदम खोलीतच उगवते."

दुसरी तक्रार मोठी होती. बाई म्हणाल्या, "मामा, जखम कोरडी ठेवायची नाही."

एकतीस वर्षं पूर्व म्हणून दाखवलेल्या दिशेला कोणी पश्चिम म्हणावं, तसं मामांना झालं.

"मग काय, भिजत घालायची?"

"भिजत नाही, ओलसर. ओलाव्यात नवी कातडी लवकर सरकते. कोरडं केलं की खपली धरते, आणि कातडीला खपलीखालून वाट काढत जावं लागतं. आणि आपण काढताना जे ओढतो ना, त्यात ती बिचारी परत पहिल्या पायरीवर."

'आपण' म्हणाल्या हा त्यांचा चांगुलपणा. ओढत फक्त मामाच होते.

बाईंनी वर सभागृहात सगळ्यांना बोलावून नव्या पट्ट्या दाखवल्या. कोळंबीच्या टरफलातून काढलेलं द्रव्य लावलेली एक पट्टी, माशाच्या कातडीतली एक, सूक्ष्मजंतूंनी साखरेच्या पाण्यात विणलेली एक. शेवटी समुद्रशेवाळापासून केलेली, पांढरी, कापसाच्या गादीसारखी मऊ. ती बाईंनी काचेच्या बशीत ठेवली आणि वर मिठाचं पाणी ओतलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्या गादीची खळीसारखी बुळबुळीत जेली झाली. बाई म्हणाल्या, "जखमेतून पाझरणारं पाणी ही पिते आणि अशी होते. पिवळट दिसेल, थोडा वासही येईल. घाबरू नका, तो पू नाही. तीच पट्टी आहे. चार दिवस उघडायची नाही."

हे सगळ्यांनी पाहिलं. मोठ्या सिस्टरांनी पाहिलं, भूल देणाऱ्यांनी पाहिलं, लिफ्टवालाही मागे उभा राहून पाहून गेला. फक्त ज्याला ती पट्टी लावायची होती तो खाली आपल्या खोलीत गॉजच्या घड्या घालत बसला होता. बोलावणं तीन वेळा आलं. तिन्ही वेळा मामांनी निरोप धाडला, "माझ्या घड्या मोडतील." सभा संपल्यावर लिफ्टवाल्याने सांगितलं, "मामा, समुद्रातलं सगळं आणलंय. कोळंबी, मासे, शेवाळ." मामा म्हणाले, "आणि खलाशी? तो कुठल्या जखमेला बांधायचा?"

बाईंनी वीस पट्ट्यांचा एक खोका मागवला होता आणि एक पेशंट निवडला होता. ते भूगोलाचे मास्तर. निवृत्त, एकटे, राहायला रुग्णालयासमोरच. त्यांच्या डाव्या पायाच्या शिरा फुगलेल्या, आणि घोट्याच्या वर सात महिन्यांपासून एक जखम सारखी पाझरत होती. सात महिने ते रोज दहाच्या ठोक्याला मामांच्या खोलीत येत. मामा पट्टी सोडत, मास्तर डोळे मिटत, दोनला किंकाळी फोडत, आणि मग दोघं अर्धा अर्धा चहा घेत. मास्तरांच्या आयुष्यात तेवढीच एक वेळ ठरलेली राहिली होती.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "आपण चार आठवडे बघू. नाही भरली, तर मांडीची कातडी काढून तिथे लावावी लागेल."

"मांडीची?" मास्तर पांढरे पडले. "म्हणजे एका जखमेच्या दोन करायच्या?"

"म्हणून तर आधी हे बघू."

दर गुरुवारी बाई स्वतः जखम पाहणार होत्या. जखमेवर पारदर्शक कागद ठेवून पेनाने तिची कड काढून घेणार होत्या, म्हणजे भरते किती ते कळेल. पहिला कागद पाहून मास्तरांचा चेहरा उजळला. "अहो, हे तर बेट आहे! हा बघा पूर्वेला उपसागर. इथे बंदर चांगलं झालं असतं."

बाईंनी पहिली शेवाळाची पट्टी लावली, मामांनी वरून आपली घट्ट ताणाची पट्टी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चढवली, तारीख घातली, रेघ ओढली. बाई म्हणाल्या, "चार दिवस हात नाही लावायचा हं, मामा."

"हे मला सांगताय?" मामा म्हणाले. "हे वाक्यच माझं आहे."

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला मास्तर हजर.

"आज नाही यायचं तुम्ही," मामा म्हणाले.

"माहितीये. सहज आलो. बसू का?"

मास्तर बसले. मामांनी त्यांच्या पायाकडे पाहिलं. पाहिलं ते पाहिलं, मग नजर काही हटेना. एकतीस वर्षांत बांधलेली जखम दुसऱ्या दिवशी न बघता त्यांना घास गोड लागला नव्हता. आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही आणि तरी ते चांगलंच चाललंय असं धरून चालायचं, याला विश्वास लागतो. आणि मामांचा विश्वास फक्त गॉजवर होता.

"ठणकतंय का हो काही?" त्यांनी विचारलं.

"नाही बुवा. उलट आज बरं वाटतंय."

"बरं वाटतंय? हे चांगलं लक्षण नाही. नुसतं बघून घेऊ का?"

"बघा की," मास्तर म्हणाले, आणि सवयीने डोळे मिटून घेतले.

मामांनी उघडलं. आत पांढरी पट्टी कुठेच नव्हती. तिच्या जागी पिवळट, बुळबुळीत, वास येणारा एक थर. जखम एका दिवसात पुवाने भरली होती! बाईंना बोलवावं असं क्षणभर मनात आलं. पण बाईंचा तो उत्साह, तो खोका, ते सभागृह सगळं डोळ्यांसमोर आलं. पोरगी हौसेने काहीतरी करायला गेली आणि हे असं झालं. कशाला तिचं मन मोडायचं? मामांनी तो थर कसून पुसला, कडेपर्यंत खरवडला, लाल औषध लावलं, कोरडाठक्क गॉज ठेवला, वर पट्टी बांधली आणि निळी रेघ ओढली. तारीख कालचीच घातली.

"कसं आहे?" मास्तरांनी विचारलं.

"वेळेवर उघडलं म्हणून वाचलात. बाईंना बोलू नका, वाईट वाटेल."

"छे छे, मी कशाला बोलू? उद्या येऊ ना?"

"यावंच लागेल आता."

अशा रीतीने दोन सज्जनांनी एका तिसऱ्या सज्जन बाईचं मन राखायचं ठरवलं. पुढे रोज दहाला किंकाळी ठरलेली. बुधवारी मामा आठवणीने शेवाळाची पट्टी लावत, म्हणजे गुरुवारी बाईंना ती तिथे दिसावी. गुरुवारी बाई कौतुकाने उघडत, ती जेली हलकेच धुऊन काढत आणि नवी पट्टी लावत. मामा त्या वेळी मुद्दाम डबा आवरायला वळत, कारण त्यांच्या मते तो पू होता आणि पोरीची फजिती त्यांना बघवत नव्हती. शुक्रवारी सकाळी बाईंनी लावलेली पट्टी कचऱ्यात जाई.

तीन गुरुवार झाले. पहिल्या कागदावर आणखी तीन कागद झाले. मास्तरांनी एकावर एक ठेवून पाहिले. बेटाचा किनारा केसभरही हलला नव्हता. उपसागर होता तिथेच.

बाईंचा चेहरा उतरला. "काय चुकतंय कळत नाही, मामा. दुसरीकडे सगळ्यांना गुण येतोय. बहुतेक मास्तरांना हे सोसत नाही." त्यांनी नवी पट्टी लावली, पण हातात पूर्वीचा हुरूप नव्हता. "एवढी शेवटची. पुढच्या शुक्रवारी कातडी लावायचं ठरवून टाकते. आणि हा खोका परत पाठवू. मोठे साहेब आधीच म्हणत होते, गॉज असताना हे कशाला."

मामांना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. खाटेवर मास्तर आपल्या मांडीवर हात ठेवून बसले होते, जणू ती कोणी आत्ताच मागितली होती.

"मामा," ते हळूच म्हणाले, "भूल देतात ना हो? पूर्ण? की तिथेही दोनलाच..."

त्याच दुपारी सलाइनचा खोका उचलताना मामांच्या कमरेत उसण भरली. अशी भरली, की खोका वर आला आणि मामा खालीच राहिले. त्यांना चाकाच्या खुर्चीवरून त्यांच्याच खोलीसमोरून बाहेर नेलं, तेव्हा रांगेतल्या एका पेशंटने आपुलकीने सांगितलं, "मामा, हवा लागू द्या."

चार दिवस सक्तीची विश्रांती. एकतीस वर्षांतली ही पहिली रजा. मामा पलंगावर पडल्या पडल्या तळमळत होते.

"मास्तरांचं काय होणार?" ते बायकोला म्हणाले. "चार दिवस तो पू तसाच आत. पाय कुजेल त्यांचा."

"दुसरं कोणी नाही का तिथे?"

"क्ष-किरणांच्या सिस्टर बसवल्यात. ती बाई हाडं बघणारी. तिला कातडीचं काय कळणार?"

त्या सिस्टरांना कातडीचं काही कळत नव्हतं हे खरं. पण त्यांना वाचता येत होतं. मास्तर शुक्रवारी दहाला गेले, तर त्यांनी केसपेपर वाचून सांगितलं, "चार दिवस उघडू नये असं लिहिलंय. सोमवारी या." शनिवारी गेले, तर पुन्हा तोच कागद वाचून दाखवला. रविवारी सिस्टरांना सुट्टी, तेव्हा मास्तर बंद दारासमोर नुसते उभे राहून आले.

इकडे मामांच्या उशाशी, कपाटावर, बायको रोज संध्याकाळी दही लावी. कोमट दुधात विरजण घालून भांडं झाकून ठेवी. मामांना दुसरा उद्योग नव्हता. भांडं हाताशी होतं. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी झाकण उचलून पाहिलं. अर्ध्या तासाने परत पाहिलं. तिसऱ्यांदा बोट घालून पाहिलं. सकाळी दह्याऐवजी भांड्यात निळसर पाणी आणि त्यात पोहणाऱ्या गुठळ्या.

"बोट कोणी घातलं?" बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"नुसतं बघितलं. लागतंय का नीट."

"रोप लागलंय का बघायला कोणी ते रोज उपटून बघतं का? अहो, त्याला गप्प राहू दिलं की ते आपलं आपण लागतं. तुमची काही मदत नको असते त्याला!"

"पण आत काय चाललंय ते कळायला नको?"

"कशाला? दह्याला कळतंय ना? पुरे."

दुसऱ्या दिवशी तिने झाकणावर कागद चिकटवला आणि पेनाने एक आडवी रेघ ओढली, अर्धी कागदावर, अर्धी भांड्यावर. संसारात माणूस काय काय शिकवून बसतो! मामा रात्रभर त्या रेघेकडे पाहत पडून राहिले. सकाळी सुरीने कापावं असं दही लागलं होतं. मामांनी ते मुकाट्याने खाल्लं, आणि आवडल्याचं सांगितलं नाही.

सोमवारी ते कमरेला पट्टा बांधून, काठी टेकत खोलीत आले. दहाचा ठोका पडला. मास्तर आले, खाटेवर चढले, डोळे मिटले.

"वास येतोय का हो, मामा?"

"बघतो. धीर धरा." मामांनी गॉजचं टोक धरलं. "एक... दोन..."

ओढायला गेले, तर ओढायला काही नव्हतंच. वरचा गॉज अलगद निघून आला. आत तोच पिवळट थर, या वेळी चांगला जाड. मामांनी ओठ आवळून त्यावर मिठाच्या पाण्याची धार सोडली. थर जेलीसारखा घसरत ट्रेमध्ये उतरला. खरवडायला मामांनी गॉज उचलला आणि तो तसाच हवेत राहिला.

खाली पू नव्हता. डाळिंबाच्या दाण्यांसारखं लालबुंद, ताजं मांस वर आलं होतं आणि चारी बाजूंनी कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ, निळसर गुलाबी कड आत सरकली होती. रक्ताचा थेंब नव्हता. किंकाळी नव्हती. समोरच्या औषधवाल्याने दहाच्या ठोक्याला सवयीने गोळी काढून ठेवली होती, ती त्याने परत बरणीत टाकली असावी.

"तीन म्हटलंत का?" मास्तरांनी डोळे मिटूनच विचारलं.

"तीन लागलंच नाही." मामा स्टुलावर बसले. मग ट्रेमधला तो थर त्यांनी दोन बोटांत धरून पाहिला. पू बोटांत असा धरता येत नाही, तो ओघळतो. हे एकतीस वर्षांत त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. फक्त कधी तरी हात थांबवून बघायची होती. या थरात अजून पट्टीचे धागे दिसत होते.

मास्तरांनी खिशातून गेल्या गुरुवारचा कागद काढून जखमेवर धरला आणि स्वतःच ओरडले, "मामा, किनारा आत आलाय! उपसागर बुजला!"

बाईंना बोलावलं. त्या बिनआवाजाच्या बुटांनी आल्या, वाकून पाहिलं, हसल्या. पण हसू फार टिकलं नाही.

"छान दिसतंय. पण मामा, चार दिवसांचं काय धरायचं? तीन आठवडे जागची हलली नव्हती. आज बरी दिसते, उद्या पुन्हा तशीच झाली तर? शुक्रवारी खाट मिळालीये, पुन्हा महिनाभर मिळणार नाही. मला वाटतं, कातडी लावूनच टाकू."

मास्तरांचा हात पुन्हा मांडीवर गेला. त्यांनी मामांकडे पाहिलं. बोलायचं नाही असं त्यांचं ठरलं होतं आणि मास्तर शब्दाचे पक्के होते.

आता मामांनी गप्प राहायचं, एवढंच काम होतं. सेवेचे पाच महिने उरले होते. निरोपाच्या समारंभात मोठ्या सिस्टर काय बोलणार तेही त्यांना माहीत होतं : 'मामांनी एकही जखम एक दिवस न बघता सोडली नाही.'

"बाई," मामा म्हणाले, "ते तीन आठवडे नव्हते."

"म्हणजे?"

"चारच दिवस होते. हेच. आधीचे माझ्यात गेले."

बाईंना कळेना. मामांनी काठी भिंतीला टेकवली आणि सगळं सांगितलं. पिवळा थर, खरवडणं, कोरडा गॉज, बुधवारची पट्टी, मागची तारीख. सांगताना ते बाईंकडे न बघता गॉजच्या डब्याकडे बघत होते, जणू एकतीस वर्षांचा साक्षीदार तोच.

"मला वाटलं पू आहे. मला वाटलं तुमचं चुकतंय, आणि तुम्हाला कशाला सांगायचं... म्हणून रोज माझं चुकवत राहिलो."

बाईंचे कान लाल झाले होते. तीन आठवडे त्यांनी पुस्तकं उलटीपालटी केली होती.

"मामा, मास्तरांची मांडी कापली असती मी! विनाकारण!"

"हो."

"वर सभेत मी दाखवलं होतं. बशीत. सगळ्यांसमोर."

"हो. मी घड्या घालत होतो."

बाईंनी मास्तरांकडे मोर्चा वळवला. "आणि तुम्ही? रोज येऊन बसत होतात, एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"मला वाटलं," मास्तर चाचरत म्हणाले, "वाईट वाटेल तुम्हाला."

बाईंनी नवी पट्टी काढली, जखमेवर बसवली, आणि मामांना म्हणाल्या, "वरची तुम्ही बांधा. शेवाळ एकटं काही करत नाही. या शिरांना असा सारखा ताण लागतो, आणि तो या रुग्णालयात फक्त तुमच्या हाताला जमतो. माझी गुडघ्यापर्यंत टिकत नाही, मी घरी उशीवर करून पाहिलीये."

मामांनी बांधली. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, एकावर एक अर्धी. बांधून होताच बाईंनी त्यांच्या खिशातला निळा पेन काढून घेतला, स्वतः तारीख घातली आणि स्वतःच आडवी रेघ ओढली.

"शुक्रवारची खाट सोडते. पण या रेघेची टोकं जुळली नाहीत ना, तर मी काय विचारणार आहे ते तुम्हाला माहितीये."

"हा हात कोणाचा," मामा म्हणाले.

"तुमचा, की शेजाऱ्याचा," बाईंनी पुरं केलं, आणि आवाज न करता निघून गेल्या. पेन घेऊनच.

मास्तरांना चार दिवसांनी एकदा यायला सांगितलं होतं. ते दुसऱ्या दिवशी दहालाच आले. खाटेवर न चढता बाकावर बसले. मामांनी अर्धा चहा पुढे केला. दोघं पट्टीकडे बघत बसले.

"आत काय चाललं असेल हो?" मास्तर म्हणाले.

"काय चालायचं ते चालू दे," मामा म्हणाले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. "त्याला आपली मदत नको असते."

सहा आठवडे लागले. दर कागदावर बेट लहान होत गेलं. आधी खडक झालं, मग नुसता ठिपका. त्यातले बरेचसे दिवस मामांनी हात मांड्यांखाली घालून काढले, आणि बायको म्हणते, त्यांनी आयुष्यात केलेलं सगळ्यांत कष्टाचं काम तेच. शेवटच्या गुरुवारी बाईंच्या देखत त्यांनी पट्टी सोडली. "एक... दोन..." म्हणेपर्यंत ती आपोआप सुटून हातात आली. खाली गुलाबी, चकचकीत, नवी कोरी कातडी होती. कागदावर काढायला काही उरलं नव्हतं. बाईंनी तो कोराच कागद मास्तरांना दिला. मोठ्या साहेबांकडे आणखी चार खोके मागणारी चिठ्ठी बाईंच्या हातात होती.

मास्तरांनी तो कोरा कागद खिडकीच्या उजेडात धरला.

"बेट बुडालं," ते म्हणाले. मग बूट चढवता चढवता, मान वर न करता, "म्हणजे आता... यायचं काही कारण नाही."

मामांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून ती नवी कातडी न्याहाळली, आणि बाईंनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कारण कसं नाही? नवी कातडी आहे. नाजूक असते. रोज बघावी लागेल."

बाईंनी भुवया उंचावल्या.

"लांबून," मामा घाईघाईने म्हणाले. "हात न लावता. दहाला."